पोळ्याची कर आणि गावरान कोंबडी : जसा पक्षी, तशी शिजवण



पोळा झाला की दुसऱ्या दिवशी कर. श्रावण महिना पाळून झालेला असतो. बैलांची खांदेशेकणी, पूजा आणि पुरणपोळीचे जेवण झालेले असते. गणपती तीन-चार दिवसांवर आलेले असतात. मधल्या या एका दिवशी आपल्या वऱ्हाडात, ज्या घरी चालते त्या घरी, गंजात रस्सा रटरटतोच. लेक-जावई येतात, वर्षभर राबलेला गडीमाणूस पंगतीला बसतो. माळकरी घरांचा प्रश्न वेगळा, त्यांनी हे पान वाचून शेजाऱ्याला द्यावे!

कोंबडी शिजवणे यात शिकवण्यासारखे काय आहे, असे आपण म्हणाल. मीही तसेच म्हणत होतो. बी.एस्सी. कृषी झालो, कोंबडीपालनाचा विषय शिकलो, पण कोंबडी शिजवण्यात एका करीला माझीच फजिती झाली. सासरे प्रथमच नांदुऱ्याला आमच्या घरी आले होते. मी मोठ्या हौसेने खेड्यातून चांगला भरदार, लाल तुऱ्याचा कोंबडा आणला. घरात नेहमी बॉयलर कोंबडी शिजायची, त्याच हिशेबाने कुकरच्या तीन शिट्ट्या केल्या आणि ताटे वाढली. रस्सा चवीला उत्तम. पण मटणाचा तुकडा कोणाच्या दाताला दाद देईना. सासऱ्यांचे दात आधीच थोडे. बिचारे भाकर रश्श्यात कुस्करून निमूट जेवले. शेजारच्या आजीबाईंनी पातेल्यात डोकावून पाहिले आणि म्हणाल्या, "साहेब, हा कोंबडा तीन वर्साचा हाय. याले शिट्टी नाही लागत, याले येळ लागते." त्यांनी सारे पुन्हा गंजात ओतून चुलीवर ठेवायला लावले. रात्रीच्या जेवणाला तोच कोंबडा लोण्यासारखा झाला होता.

आजीबाईंच्या त्या एका वाक्यात या लेखाचे सार आहे. कोंबडी वाईट नसते, मसालाही वाईट नसतो. पक्षी एका वयाचा आणि शिजवण दुसऱ्या वयाची, म्हणून सण बिघडतो. तेव्हा कोणता पक्षी कोणत्या रीतीने शिजवावा आणि तो खाऊन घरातले कोणी आजारी पडू नये म्हणून काय करावे, ते आता क्रमाने पाहू.

मांस चिवट का होते?

मांस म्हणजे बारीक धाग्यांच्या जुड्या. या जुड्या पांढऱ्या, चिवट तंतूंनी बांधलेल्या असतात. या तंतूंना शास्त्रात कोलॅजेन म्हणतात. पक्ष्याचे वय वाढते तसे हे बंध घट्ट होत जातात. शिवाय गावरान कोंबडी दिवसभर उकिरडा उकरते, धावते, झाडावर उडते. तिच्या पायांना कष्ट पडतात, म्हणून पायाचे मांस छातीपेक्षा जास्त चिवट असते.

हा बंध सोडवण्याचा उपाय म्हणजे ओलसर उष्णता आणि वेळ. पाण्यात मंद आचेवर बराच वेळ शिजवले की कोलॅजेन विरघळून मऊ चिकासारखे होते. गावरान कोंबडीचा रस्सा थंड झाल्यावर जेलीसारखा थरथरतो, तो याच चिकामुळे. रश्श्याला जो दाटपणा आणि चव येते, तीही त्याचीच. बॉयलरच्या रश्श्याला तशी चव नसते, कारण तो पक्षी साधारण सहा आठवड्यांचाच असतो. त्याच्यात हा बंध पक्का झालेलाच नसतो. म्हणून तो लवकर शिजतो आणि जास्त शिजवला तर त्याचा भुगा होतो.

पक्ष्याचे वय कसे ओळखावे?

घरचा पक्षी असेल तर वय ठाऊक असते. बाजारातून आणताना मात्र पुढील खुणा पाहाव्यात.

१. छातीचे हाड: छातीच्या मधल्या हाडाचे मागचे टोक बोटाने दाबून पाहा. कोवळ्या पक्ष्यात ते कुर्चेचे असते, सहज वाकते. जून पक्ष्यात ते कडक असते.

२. पायामागचा काटा: कोवळ्या कोंबड्याच्या पायावर नुसता गोल टेंगळासारखा उंचवटा असतो. काटा लांब, टोकदार आणि कडक झाला की कोंबडा वर्षावरचा समजावा.

३. पायाचे खवले: कोवळ्या पक्ष्याचे खवले गुळगुळीत आणि चकचकीत असतात. जून पक्ष्याचे खरखरीत आणि उचललेले दिसतात.

पिसारा आणि तुरा पाहून भुलू नका. भरदार तुऱ्याचा कोंबडा दिसायला देखणा असतो, पण बहुधा तोच सर्वांत जून असतो. मी फसलो तो तिथेच.

कोणता पक्षी कापावा, कोणता राखावा?

सणाच्या घाईत हाताला लागेल ती कोंबडी कापली जाते. पुष्कळदा ती अंड्यावर आलेली तलंग असते. हा तोट्याचा सौदा आहे. तलंग पुढे अंडी देईल, खुडूक बसून पिले काढील. तिला राखावे. आठ-दहा कोंबड्यांमागे एक चांगला कोंबडा पुरतो. बाकीचे नर फक्त दाणे खातात आणि भांडतात. कापायचे ते हे जादा नर, आणि अंडी देणे थांबलेल्या जुन्या कोंबड्या.

किती पक्षी लागतील याचा अंदाज असा करावा. पिसे, डोके, पाय, आतडी काढल्यावर जिवंत वजनाच्या साधारण दोन-तृतीयांश मांस हाडासह उरते. म्हणजे दोन किलोच्या कोंबड्यातून सव्वा ते दीड किलोच्या आतच मिळते. रस्सा-भाकरीचे जेवण असेल तर एक किलो मांसात पाच-सहा माणसे जेवतात.

आजारी पक्षी ताटात नको

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो, राग मानू नये. कोंबडी मान टाकू लागली की "मरायच्या आत कापून घ्या, वाया कशाला घालवायची" असे अनेक घरी होते. ही सवय मोडलीच पाहिजे.

पावसाळ्याच्या आसपास मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग येतो. पक्षी सुस्त होतो, हिरवट पातळ विष्ठा टाकतो, मान वाकडी होते. असा पक्षी अंगणात कापला की रक्त, पिसे आणि आतडी यांतून रोग सगळ्या गल्लीतल्या कोंबड्यांना लागतो. एका कोंबडीचे मांस वाचवायला जाऊन खुराडे रिकामे होते.

बर्ड फ्लूची गोष्ट त्याहून गंभीर आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला हा रोग आढळला आणि तिथल्या कोंबड्या मोठ्या संख्येने नष्ट कराव्या लागल्या. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावात अनेक कोंबड्या मेल्या, तपासणीत कारण बर्ड फ्लू निघाले. नीट शिजलेल्या मांसात या रोगाचा विषाणू टिकत नाही, हे खरे. पण धोका ताटात नसून त्याआधीच्या कामात आहे. आजारी पक्षी धरताना, कापताना, पिसे काढताना तो माणसाला लागू शकतो. म्हणून एकदम अनेक पक्षी मेले तर कोणी कापू नये, विकू नये, ओढ्यात फेकू नये. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवावे.

आणखी दोन इशारे. औषध लावलेले बियाणे किंवा फवारणीच्या पिकातले किडे खाऊन मेलेली कोंबडी कधीही खाऊ नये. विष शिजवल्याने जात नाही. तसेच पक्ष्याला रोगावर औषध दिले असेल तर किती दिवस मांस खाऊ नये ते डॉक्टरांना विचारून घ्यावे, तेवढे दिवस थांबावे.

कापण्याआधी आणि कापल्यावर

आदल्या रात्रीपासून, म्हणजे आठ-दहा तास, पक्ष्याला दाणे देऊ नयेत. पाणी मात्र भरपूर द्यावे. पोट रिकामे असले की आतडी साफ निघतात आणि मांसाला घाण लागत नाही.

पिसे काढण्यासाठी पाणी उकळते नसावे. उकळत्या पाण्यात कातडी शिजते आणि पिसांबरोबर फाटते. हात घालवत नाही इतपत गरम, पण बुडबुडे न येणारे पाणी घ्यावे. त्यात मिनिट-दीड मिनिट पक्षी फिरवावा. पिसे निघाल्यावर बारीक लव जाळावर धरून जाळतात, हळद चोळतात. ही रीत चांगली आहे. आतडी काढताना पित्ताची हिरवी पिशवी फुटू देऊ नये, नाहीतर सगळे मांस कडू होते.

कच्च्या कोंबडीत पोट बिघडवणारे जंतू असतात, त्यांत साल्मोनेला हा मुख्य. आपण काय करतो? नळाच्या जोरदार धारेखाली कोंबडी धुतो. शिंतोडे बाजूच्या पाण्याच्या हंड्यावर, चिरलेल्या सांभारावर आणि कांद्यावर उडतात. मांस शिजते, त्यातले जंतू मरतात. पण कच्चा कांदा शिजत नाही. दुपारी कोंबडी खाल्ली आणि रात्री जुलाब लागले, की दोष रश्श्याला जातो, खरा दोष पुष्कळदा शिंतोड्यांचा असतो. म्हणून घरी कापलेली कोंबडी धुवायची तर मोठ्या भांड्यात पाणी घेऊन हळू धुवावी. ते पाणी विहीर, हापसा यांपासून दूर टाकावे. कांदा-लिंबू चिरायची विळी वेगळी ठेवावी, किंवा विळी आणि हात साबणाने धुऊन मगच कांदा घ्यावा.

कापल्यावर थोड्या वेळाने पक्ष्याचे अंग ताठ होते. काही तासांनी ते पुन्हा सैल पडते. सैल पडल्यावर शिजवलेले मांस जास्त मऊ होते. घरी फ्रिज असेल तर सहा-आठ तास झाकून तिथे ठेवावे. फ्रिज नसेल तर बाहेर ठेवू नये. श्रावण-भाद्रपदातल्या दमट हवेत मांस लवकर खराब होते. अशा वेळी सरळ चुलीवर ठेवावे आणि वेळ जास्त द्यावा.

शिजवण्याच्या पाच रीती

पहिली रीत: गंजातला रस्सा (जून पक्ष्यासाठी)

वर्षावरचा कोंबडा किंवा जुनी कोंबडी असेल तर हीच रीत उत्तम. एक किलो मांसाला दोन लिटर पाणी, चमचाभर हळद, ठेचलेले आले-लसूण आणि निम्मे मीठ घालून गंज चुलीवर ठेवावा. एक उकळी आली की जाळ ओढून घ्यावा. पाणी खळखळ उकळायला नको, कडेने बारीक बुडबुडे यावेत इतकीच आच हवी. झाकण ठेवून दोन ते अडीच तास द्यावेत. फार जून असेल तर तीन तास. पाणी आटले तर गरम पाणी घालावे, थंड घालू नये.

पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातल्या गावांनी इथे सांभाळावे. आपल्या विहिरीचे पाणीच खारे असते, आणि आटता आटता त्याचा खारेपणा वाढतो. शक्य असेल तर रश्श्याला पिण्याचे गोडे पाणी वापरावे. उरलेले मीठ शेवटी, चव पाहूनच घालावे.

तोवर मसाला करावा. एक किलोला चार मध्यम कांदे निखाऱ्यात भाजून घ्यावेत. अर्धी वाटी सुके खोबरे, दोन चमचे धने, चमचा-चमचा तीळ आणि खसखस, चार-पाच लवंगा, सहा-सात मिरे, कलमीचा एक तुकडा, थोडे दगडफूल हे मंद आचेवर भाजून पाट्यावर बारीक वाटावे. गंजात तेल तापवून वाटण लालसर होऊन तेल सुटेपर्यंत परतावे. तिखट शेवटी घालावे, म्हणजे जळत नाही. मग शिजलेले मांस घालून परतावे, वरून त्याचेच पाणी ओतावे आणि वीस मिनिटे मंद उकळू द्यावे. तर्री आपोआप वर येते. ज्वारीची किंवा कळण्याची भाकर, कांदा, लिंबू असले की झाले.

मसाला आधी आणि मांस नंतर शिजवायला गेलात, तर तीन तासांत मसाला तळाला लागतो. जून पक्षी आधी पाण्यात शिजवावा, मसाला मागून घालावा.

दुसरी रीत: कुकर (वेळ आणि सरपण कमी असेल तर)

उघड्या गंजात पाणी १०० अंशांवर उकळते. कुकरमध्ये दाबामुळे ते सुमारे १२० अंशांपर्यंत तापते, म्हणून काम लवकर होते. पण शिट्ट्या मोजण्यापेक्षा मिनिटे मोजावीत. पहिली शिट्टी झाली की आच मंद करावी आणि मग घड्याळ पाहावे.

बॉयलर: पाच-सहा मिनिटे पुरतात.
पाच-सहा महिन्यांचा गावरान पक्षी: दहा ते बारा मिनिटे.
वर्षावरचा कोंबडा: पंचवीस ते तीस मिनिटे.

कुकर दोन-तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये. वाफ आपोआप जिरू द्यावी. शिट्टी उचलून वाफ काढली तर आतले पाणी एकदम उकळते आणि मांस आकसते. जून आणि कोवळा असे दोन पक्षी एकत्र टाकू नयेत. एकाचा भुगा होईल आणि दुसरा चिवट राहील.

तिसरी रीत: मडक्यातली दमाची कोंबडी (आठ-दहा महिन्यांच्या पक्ष्यासाठी)

मांसाला दही, आले-लसूण, हळद, तिखट, मीठ आणि मसाला चोळून ठेवावे. पक्षी जरा जून वाटला तर एक किलोला एक-दोन चमचे कच्च्या पपईचा कीस लावावा. पपईच्या चिकात पपेन नावाचे द्रव्य असते, ते मांसाचे धागे सोडवते. अर्धा-पाऊण तास पुरतो. रात्रभर पपई लावून ठेवली तर वरचे मांस लगदा होते आणि आतले तसेच राहते.

मडके नवे असेल तर आधी पाण्यात भिजवून घ्यावे. रंग दिलेले शोभेचे मडके घेऊ नये. मांस भरून झाकण कणकेने बंद करावे, खाली मंद निखारे, झाकणावरही थोडे निखारे ठेवावेत. दीड तासाने उघडावे. पाणी न घालता मांस आपल्याच रसात शिजते.

आपल्या कोकणातल्या बांधवांकडे रायगड जिल्ह्यात थंडीत पोपटी लावतात, ती याच जातीची. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा आणि मसाला लावलेली कोंबडी भरून मडके उपडे ठेवतात व भोवती जाळ करतात. रीत वेगळी, तत्त्व तेच: झाकलेली वाफ.

चौथी रीत: सुक्के (पाच ते सात महिन्यांच्या पक्ष्यासाठी)

तुकडे लहान करावेत. तेलात कांदा लाल करून मांस परतावे. झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर अंगच्या पाण्यात पाऊण ते एक तास शिजवावे. मऊ झाले की भाजलेल्या खोबऱ्या-तिळाचा कोरडा मसाला घालून पाणी आटेपर्यंत परतावे. हे शिजायला रश्श्यापेक्षा कमी वेळ लागतो, पण जून कोंबड्याचे सुक्के करायला जाऊ नये. पाणी आटले की मऊ होण्याचे कामही थांबते.

पाचवी रीत: निखाऱ्यावर भाजणे (फक्त कोवळ्या पक्ष्यासाठी)

चार-पाच महिन्यांचा लहान नर किंवा बॉयलर असेल तरच भाजावा. पक्षी पाठीच्या बाजूने उभा चिरून पुस्तकासारखा उघडावा, म्हणजे सगळीकडे सारखी आच लागते. एक किलोला दोन सपाट चहाचे चमचे मीठ, हळद, तिखट, आले-लसूण, लिंबू चोळून दोन तास ठेवावे, शक्यतो थंड जागी म्हणजे फ्रिजमध्ये.

जाळावर भाजू नये, निखाऱ्यावर भाजावे. जाळावर बाहेरून कोळसा होतो आणि आत कच्चे राहते. बाभळीचे निखारे उत्तम. पऱ्हाटीच्या जाळावर मांस थेट धरू नये, कारण कपाशीवर हंगामभर औषधाच्या फवारण्या झालेल्या असतात. पऱ्हाटी गंजाखाली जाळायला ठीक. पायाची बाजू जास्त आचेकडे, छातीची बाजू कमी आचेकडे ठेवावी. दर पाच-सात मिनिटांनी उलटावे आणि तेलाचा हात फिरवावा. पाऊण तास तरी लागतो.

शिजले की नाही, कसे समजावे?

मऊ होणे वेगळे आणि जंतू मरणे वेगळे. रश्श्यात तीन तास शिजलेल्या मांसाची काळजी नाही. काळजी आहे ती भाजलेल्या, तळलेल्या आणि घाईने केलेल्या मोठ्या तुकड्यांची. मांसाच्या सर्वांत जाड भागात आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअस उष्णता पोहोचली की जंतू मरतात. स्वयंपाकाचा सुईसारखा थर्मामीटर आता बाजारात मिळतो, पण तो नसेल तर मांडीच्या जाड भागात, हाडाजवळ सुरीचे टोक घालावे. पाणी स्वच्छ निघाले, सांध्याजवळचे मांस हाडापासून सुटले आणि कच्चा चकचकीतपणा उरला नाही, तर शिजले. लालसर पाणी आले तर पुन्हा निखाऱ्यावर. पाहुणे दहा मिनिटे थांबतील, पण जुलाब थांबत नाहीत.

उरलेला रस्सा

"कोंबडीचा रस्सा दुसऱ्या दिवशी मुरतो" असे आपण म्हणतो. मुरतो खरा, पण भाद्रपदाच्या हवेत त्यात जंतूही मुरतात. शिजवलेले अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. फार उकाडा असेल तर एकच तास. मोठा गंज तसाच झाकून ठेवला तर तो मध्यरात्रीपर्यंत कोमटच राहतो, आणि कोमटपणा जंतूंना फार आवडतो. म्हणून उरलेला रस्सा दोन-तीन पसरट भांड्यांत काढून लवकर निववावा आणि फ्रिजमध्ये ठेवावा. खाताना खळखळून उकळावा.

फ्रिज नसेल तर एका जेवणापुरतेच करावे. उरले तर त्याच वेळी शेजारी द्यावे. रात्रभर बाहेर राहिलेला रस्सा सकाळी उकळला की चालतो, हा गैरसमज आहे. काही जंतू आपले विष अन्नात आधीच सोडून ठेवतात. उकळल्याने जंतू मरतात, पण ते विष तसेच राहते. लहान मुले, गरोदर बाया आणि म्हातारी माणसे यांना त्याचा त्रास सर्वांत जास्त होतो.

आणि टर्की असेल तर?

कोंबड्यांबरोबर हौसेने टर्की पाळणारे काही शेतकरी भेटतात. केरळ आणि तामिळनाडूत हा पक्षी बराच पाळला जातो. मोठा पक्षी, पाच-सात किलोपर्यंत जातो. तो शिजवायचा कसा, असा प्रश्न येतो.

हा पक्षी मूळचा अमेरिका खंडातला. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी कृतज्ञतेचा मोठा सण असतो. त्या दिवशी घरोघरी अख्खी टर्की भट्टीत, म्हणजे ओव्हनमध्ये, तीन-चार तास भाजतात. त्यांचीही अडचण आपल्यासारखीच आहे. पाय शिजेपर्यंत छातीचे मांस कोरडे ठणठणीत होते. म्हणून कोणी आदल्या दिवशी मीठ चोळून ठेवतात, कोणी ती पाठीने चिरून उघडतात, कोणी तुकडे करून वेगवेगळे शिजवतात. काही जण अंगणात मोठ्या कढईभर तेलात अख्खा पक्षी तळतात. गोठलेला किंवा ओला पक्षी उकळत्या तेलात सोडल्यामुळे तेल उसळून तिथे दरवर्षी आगी लागतात. ही रीत आपण मुळीच करू नये.

आपल्या घरी टर्की असेल तर तिचे दोन भाग करावेत. पाय आणि पाठ जून कोंबड्यासारखी गंजात, पहिल्या रीतीने. छातीचे मांस लहान तुकडे करून चौथ्या रीतीने सुक्के. एकाच पक्ष्याची दोन जेवणे होतात आणि काहीच वाया जात नाही.

पुढच्या करीची तयारी आजच

करीच्या आठवड्यात गावरान कोंबड्याला चांगला भाव येतो. तो आपण मोजण्याऐवजी आपल्याला मिळावा असे वाटत असेल तर हिशेब सोपा आहे. अंडी उबायला एकवीस दिवस, आणि नर विक्रीजोगा व्हायला पाच-सहा महिने. म्हणजे फेब्रुवारीत खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवावीत. पिलांना उन्हाळ्यात सावली आणि थंड पाणी द्यावे. मानमोडीची लस चुकवू नये: पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा, आणि सहा ते आठ आठवड्यांच्या वयात आर-टू-बी. पोळ्याला आपल्या अंगणात कोवळे नर तयार असतील. काही घरी खावेत, काही विकावेत.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. आधी वय पाहा, मग रीत ठरवा. जून पक्षी गंजात, कोवळा पक्षी निखाऱ्यावर.
२. अंड्यावरची तलंग राखा, जादा नर कापा.
३. आजारी, मेलेली, विष खाल्लेली कोंबडी खाऊ नका. एकदम मर झाली तर दवाखान्यात कळवा.
४. कच्च्या मांसाचे शिंतोडे पाण्यावर आणि कांद्यावर उडू देऊ नका.
५. जाड भाग आतपर्यंत शिजला की नाही ते पाहूनच वाढा.
६. उरलेले दोन तासांच्या आत थंड करा किंवा वाटून टाका.

सासरे गेल्या करीला पुन्हा आले होते. या वेळी कोंबडा दहा वाजताच चुलीवर चढवला आणि एक वाजता ताटे मांडली. त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतले, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. आपल्याही घरची कर अशीच गोड होवो. आपल्या भागात कोंबडी शिजवण्याची याहून वेगळी रीत असेल तर ती आमच्या कार्यक्रमाला जरूर कळवा. इतर शेतकरी बंधू-भगिनींनाही तिचा उपयोग होईल.